भेटकार्डे व भेटचिठ्ठ्या, हस्तनिर्मित

भेटकार्डे व भेटचिठ्ठ्या, हस्तनिर्मित : घरातल्या प्रसंगी आप्तांना देण्यासाठी कागदापासून हाताने केलेली घडीची कार्डे आणि भेटवस्तूला बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या. कार्डाला शुभेच्छापत्र असेही म्हणतात. चिठ्ठीला बोलताना सर्रास ‘टॅग’ म्हणतात. मराठी घरांत ती बारसे, वाढदिवस, मुंज, केळवण, लग्न, डोहाळजेवण, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन अशा प्रसंगी आणि संक्रांत, राखीपौर्णिमा, भाऊबीज, दिवाळी या सणांना केली जातात.

छापील शुभेच्छापत्राची चाल विलायतेतली आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पोहोचवणारी टपालसेवा सुरू झाली. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापल्या. प्रतीची किंमत एक शिलिंग होती. भारतात कार्डांची दुकाने शहरोशहरी दिसू लागली ती बरीच पुढे. ‘आर्चीज’ ही कंपनी १९७९ मध्ये दिल्लीत निघाली. मात्र घरी केलेली कार्डे म्हणजे या दुकानी मालाची नक्कल, असे धरून चालले तर अर्धीच गोष्ट हाती लागते. कार्ड हा शब्द घरात येण्याच्या आधीपासून आपल्याकडे आहेरावरची चिठ्ठी होती आणि रुखवतावरच्या ओळी होत्या. कागदावर जर-टिकल्या लावण्याचीही हौस होती. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाल्यावर देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी गेली आणि बायकांनी त्यांतल्या लक्ष्मी-सरस्वतीला खरी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून सजवले. आज कार्डावर कुंदन चिकटवणाऱ्या हाताची ओढ तीच आहे.

आहेराची चिठ्ठी : भेटचिठ्ठीचे मूळ इथे शोधावे. लग्नात आलेला आहेर कोणाचा, हे वहीत लिहून ठेवण्याची पद्धत जुनी आहे, कारण आज आलेला आहेर उद्या त्यांच्या घरच्या कार्यात परत करायचा असतो. साडीच्या घडीत किंवा भांड्यात नावाची चिठ्ठी नसली, तर वही लिहिणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून चिठ्ठीवर सुंदर फूल असो वा नसो, देणाऱ्याचे नाव आणि गाव वाचता आलेच पाहिजे. बाजारातल्या चिठ्ठ्यांवर नक्षी मोठी आणि लिहायला जागा बोटभर असते. घरी करणाऱ्याने हे प्रमाण उलटे ठेवावे. रोख आहेराच्या पाकिटाचेही तेच. १०१ किंवा ५०१ असा वरचा एक रुपया हवा म्हणून पाकिटावर नाणे चिकटवलेले असते. हाताने पाकीट करताना ते नाणे नक्षीतच बसवता येते, उदाहरणार्थ कमळाच्या मधोमध किंवा मोराच्या पिसाऱ्यातल्या डोळ्याच्या जागी.

रुखवतात तर मजकूर आणि वस्तू यांची जोडी ठरलेलीच. सप्तपदीची सात पावले मांडली, की प्रत्येक पावलाशी एक ओळ लिहिलेला कागद ठेवतात. तिथे यमक जुळवायला मावश्या आणि मैत्रिणी बसतात, आणि घरातल्या ज्या मुलीचे अक्षर चांगले ती लिहिते. अक्षतांच्या पुड्याही आता अनेक ठिकाणी घरी वळतात. रंगीत कागदाचा चौकोन, आत चिमूटभर अक्षता आणि वरच्या घडीवर वधूवरांची नावे लिहिलेली चिमुकली चिठ्ठी. दोनशे पाहुण्यांच्या दोनशे पुड्या वळायच्या म्हणजे आदल्या रात्रीची बैठक होते. या कलेचा पुष्कळसा आनंद त्या बैठकीत आहे.

संक्रांतीचे कार्ड : मराठी घरांनी स्वतः घडवलेला प्रकार म्हणजे हलवा लावलेले संक्रांतीचे कार्ड. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे प्रत्यक्ष भेटून म्हणायचे असते. पण नोकरी-शिक्षणासाठी माणसे दुसऱ्या गावी गेली, तशी तिळगुळाची लहानशी पुडी पाकिटात घालून टपालाने पाठवण्याची रीत पडली. कार्डाच्या कोपऱ्यात पाच-सात दाण्यांची पुडी डकवलेली असे. मिळाल्याबरोबर घरातले प्रत्येक जण एकेक दाणा तोंडात टाकी. दुसऱ्या कुठल्याही शुभेच्छापत्रात खायची वस्तू हा मजकुराचाच भाग झालेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

यासाठी काटेरी हलवाच सोयीचा, कारण गुळाच्या लाडवासारखा तो तेल सोडत नाही आणि वजनाला हलका असतो. मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर साखरेचा पाक थोडा थोडा शिंपडत बोटांनी सतत हलवत राहिले, की दाण्यांवर काटा फुलतो. तयार दाणा हवेतली ओल लगेच ओढून घेतो. म्हणून तो बटर पेपरच्या दुहेरी पुडीत किंवा पारदर्शक पिशवीत बंद करून मगच कार्डाला लावावा. पुडीची जागाही विचार करून ठरवावी लागते. पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तिकीट असते आणि टपालाचा शिक्का तिथेच बसतो, तेव्हा हलवा खाली डावीकडे हवा, नाहीतर पलीकडे भुकटी पोहोचते.

रंगाच्या बाबतीत संक्रांत हा मोठा अपवाद आहे. एरवी शुभकार्याच्या कागदावर काळा रंग टाळतात. संक्रांतीला मात्र काळी साडी, काळी चंद्रकळा कौतुकाने नेसतात आणि बाळाच्या बोरन्हाणालाही काळे झबले व त्यावर हलव्याचे पांढरे दागिने असतात. म्हणून काळ्या कार्डशीटवर पांढरा हलवा हे कार्ड इतके शोभते. त्याला पतंग, सुगडे आणि ऊस पुरेसे आहेत. या कार्डावर सोनेरी चमकीचा सडा घालण्याची हौस अलीकडे दिसते; काळ्या-पांढऱ्याचा सगळा डौल त्याने जातो.

मजकूर : कार्डाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. दुकानातले वाक्य उतरवून काढलेले कार्ड, कागद कितीही सुरेख असला तरी, उपरेच राहते. मराठी पत्रलेखनाने नात्यांसाठी मायने ठरवून दिले आहेत आणि ते चिठ्ठीवरही छान बसतात. आईवडिलांना ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप, लहानांना ‘चि.’, आणि लग्न ठरलेल्या मुलीला ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. खाली मोठ्यांना ‘सा. न.’ म्हणजे साष्टांग नमस्कार आणि धाकट्यांना ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी लिहिण्याची रीत बऱ्याच घरांनी सोडली आहे, आणि ते योग्यच झाले. ‘श्रीमती’ किंवा नुसते ‘ती. स्व. काकू’ पुरते. मायन्यानंतर दोनच ओळी लिहाव्यात, पण त्या त्या माणसाच्या असाव्यात. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला, म्हणजे साधारण एक्याऐंशीव्या वर्षी, नातवाने ‘तुम्ही मला सायकल शिकवलीत’ एवढे लिहिले तरी ते कार्ड कपाटात राहते.

अक्षर वाईट आहे म्हणून मजकूर छापून चिकटवणारे पुष्कळ असतात. त्यांनी बोरू वापरून पाहावा. बोरूचे टोक तिरके कापलेले असल्याने देवनागरीतला जाड-बारीकपणा आपोआप येतो. रोमन अक्षरांसाठी केलेल्या चपट्या निबांनी तो तसा येत नाही, कारण दोन्ही लिप्यांत जाड रेघेचा कल एकमेकांच्या उलट असतो. लहान मुलांची अक्षरे वेडीवाकडी असली तरी तशीच ठेवावीत. शिरोरेघ पट्टीने मारून दिली, की तेवढ्यानेही ओळ सावरते.

कागद : झेरॉक्सचा साधा कागद चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो, कार्ड उभे राहायला २०० ते ३०० ग्रॅमचा कार्डशीट किंवा आयव्हरी कागद हवा. घोटीव कागद चकचकीत पण पातळ असल्याने आकार कापून चिकटवायलाच बरा. हातकागदाची गोष्ट निराळी. तो झाडे तोडून होत नाही. बहुतांशी सुती कापडाच्या चिंध्यांचा लगदा करून, तो चाळणीवर उचलून, दाबून, वाळवून होतो. त्याचे तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात आणि कडा जराशी फाटल्यासारखी दिसते. ती कडा कापून सरळ करू नये, तेच त्याचे रूप आहे.

महाराष्ट्रात या कागदाचे नाते जुने आहे. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात हातकागद बनवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून, हातकागद संस्था उभी राहिली. पाकळ्या घातलेला, संगमरवरी छटांचा असे हातकागदाचे कितीतरी प्रकार असतात. खरेदीपूर्वी एका कोपऱ्यावर शाईची रेघ ओढून पाहावी. खळ कमी असलेल्या कागदावर शाई फुटते. तिथे फाउंटन पेनऐवजी जेल पेन किंवा पेन्सिल चालते.

आणखी एक साठा प्रत्येक घरात असतोच, तो जुन्या लग्नपत्रिकांचा. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती कचऱ्यात टाकवत नाही. तो गणपती कात्रीने नीट कापून नव्या पाकिटावर लावतात आणि उरलेल्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या करतात. ही काटकसर आहेच, शिवाय मन राखणेही आहे.

कृती : ए-४ आकाराचा, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरचा कागद मधोमध कापून प्रत्येक तुकड्याची घडी घातली की साधारण १०५ × १४८ मिलिमीटरची दोन कार्डे होतात. त्यांना ११४ × १६२ मिलिमीटरचे पाकीट बरोबर बसते. त्याच कागदातून ५ × ९ सेंटिमीटरच्या बारा चिठ्ठ्या निघतात. जाड कागदाला नुसती घडी घातली तर कड फाटते. आधी स्टीलच्या पट्टीलगत, कार्डाच्या बाहेरच्या बाजूने, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढावी आणि मग मोडावे. गिरणीच्या कागदाचे तंतू एका दिशेला असतात. कागद हलकेच वाकवून पाहिला तर एका बाजूने तो सहज वळतो. घडी त्याच दिशेने घ्यावी. चिठ्ठीचे भोक कडेपासून निदान ८ मिलिमीटर आत असावे आणि त्याभोवती कागदाची गोल टिकली चिकटवावी, म्हणजे दोरा ओढला तरी ते फाटत नाही. दोरा म्हणून सुतळी, लोकर किंवा जुन्या साडीच्या काठाची पट्टी वापरतात.

फेविकॉल जाड लावला की त्यातल्या पाण्याने कागद वाकतो. बोटाने पातळ पसरून वर रात्रभर जड पुस्तके ठेवावीत. श्रावणातल्या राख्यांच्या वेळी हवेतच इतकी ओल असते, की हे वजन दुप्पट वेळ ठेवावे लागते. पूर्वी मैद्याची किंवा कणकेची खळ वापरत. तिला कसर लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले तीत मोरचूद घालीत. ते विषारी असल्याने मुलांच्या हातात अशी खळ देऊ नये. राखीच्या पाकिटात कुंकवाची पुडी असते. ती वाण्याच्या पुडीसारखी कोपरे आत खोचून बांधली नाही, तर सारे कार्ड लाल होते.

नक्षी : रांगोळीतले ठिपके, गोपद्म, कोयरी, तोरण हे आकार कार्डावर सहज उतरतात. वारली चित्रे फार लोकप्रिय आहेत. डहाणू परिसरातले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ती भिंतीवरून कागदावर आणून जगभर पोहोचवली. मात्र त्यातला ‘चौक’ हा लग्नविधीचा भाग आहे. सुवासिनी तो काढतात आणि त्यात पालघाट देवी असते. वाढदिवसाच्या टॅगवर नुसती शोभा म्हणून तो काढू नये असे वाटते. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच, शेतातली माणसे, झाडे, पक्षी यांना तशी अडचण नाही.

शिक्षण आणि व्यवसाय : कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली. पुढे महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्ड आणि आकाशकंदील हे हमखास शिकवले गेले. पुष्कळ मराठी माणसांनी पहिले कार्ड तिथेच केले आहे. आता कागदी पट्ट्या गुंडाळून केलेल्या क्विलिंगची कार्डे बचत गट आणि घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रिया विकतात. मोबाइलवरच्या शुभेच्छांनी टपालाने जाणारी कार्डे फारच कमी केली. तरी परदेशातल्या मुलांना जाणाऱ्या दिवाळीच्या फराळाच्या खोक्यात चकली, शंकरपाळे, अनारसे यांच्या डब्यांवर हाताने लिहिलेली चिठ्ठी अजून असते. ती डब्याच्या बाहेरून लावावी; आत ठेवली तर तळणाचे तेल पिते.

टपालाने पाठवताना घरी केलेल्या पाकिटावर पत्ता आणि पिनकोड ठळक हवा. हा सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृत कवीही होते. हातकागदाचे पाकीट गडद रंगाचे असेल तर पत्त्यासाठी पांढरी पट्टी चिकटवावी.

जतन : आलेली कार्डे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर ओल धरतात. कागदाच्या किंवा सुती कापडाच्या बासनात, उन्हापासून दूर, आडवी ठेवावीत आणि पावसाळा संपल्यावर एकदा वारा द्यावा. मागे पेन्सिलीने साल लिहावे, कारण ‘तुमचा लाडका बंड्या’ नेमका कोणत्या वर्षीचा, ते पुढे आठवत नाही. संक्रांतीचे कार्ड ठेवायचे असेल तर हलव्याची पुडी आधी काढून घ्यावी. साखरेला मुंग्या लागतात आणि पाठोपाठ कागदही जातो.