भाव सांगणारा फोन घेण्याआधी

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या कचेरीत सध्या दोन कोटेशनं पडून आहेत. कापसाचा हंगाम लागला की सकाळी मुनीमजींच्या हातातला फोन खाली राहत नाही. विचारणा एकच: "भाऊ, आज काय भाव हाय?" म्हणून फोन उचलून भाव सांगणारी आणि निरोप टिपून ठेवणारी संगणकावरची यंत्रणा घ्यायचं चाललं आहे. कोटेशनमध्ये डीटीएमएफ, हँग-अप डिटेक्शन, चार चॅनेल, अमुक तासांची साठवण असे शब्द आहेत. मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवले अन् विचारलं, "यातलं कामाचं काय, अन् उगाचचं काय?" उत्तर देण्याआधी थोडं मागं जावं लागतं, कारण यातला एकेक शब्द कुठल्या तरी जुन्या दुखण्यावरचा इलाज आहे.

निरोप ठेवण्याची सोय आपल्याकडे यंत्राच्या आधीपासून होती. तिला पीपी नंबर म्हणत. गावात फोन एक, किराणा दुकानात नाहीतर पोस्टात. लग्नपत्रिकेवर त्या नंबरापुढे कंसात पीपी. फोन आला की दुकानदाराचा पोरगा सायकल काढायचा. या व्यवस्थेत मेमरी होती (पोराची), फॉरवर्डिंग होतं (सायकलीवर), फक्त गुप्तता नव्हती. जावयाची बदली झाल्याची बातमी सासऱ्याच्या आधी चौकाला कळायची.

यंत्राची सुरुवात मात्र डेन्मार्कमध्ये झाली. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या वाल्डेमार पौल्सेननं 1898 मध्ये पोलादी तारेवर चुंबकानं आवाज नोंदवणारं यंत्र केलं. हेतू हाच होता की समोरचा माणूस जागेवर नसला तरी त्याच्यासाठी फोनवरचा निरोप राहावा. पुढं टेपरेकॉर्डर वगैरे जे आलं ते याच यंत्राच्या वंशातलं. संगणकाचा संबंध यायला मात्र पुढची ऐंशी वर्षं गेली. अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूजनं 1979 मध्ये व्हॉइस मेलच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते 1983 मध्ये मिळालं. त्याची यंत्रणा मोठ्या कंपन्यांसाठी होती. साध्या पीसीत बसणारी, फोनची तार जोडून आवाज नोंदवणारी व्हॉइस कार्डं आणि नंतर व्हॉइस मॉडेम आले तेव्हा ही गोष्ट लहान कचेरीच्या आवाक्यात आली.

त्या काळी अडचण जागेची होती. टेलिफोनचा आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजून, दर मोजणीला एक बाइट खर्चून साठवतात. म्हणजे मिनिटाला 480 किलोबाइट. 1990 च्या सुमारास 40 एमबीची डिस्क म्हणजे चैन होती, तिच्यात जेमतेम 83 मिनिटं मावायची. म्हणून आवाज दाबून निम्म्या जागेत बसवायचे प्रकार निघाले. आज 32 जीबीच्या मेमरी कार्डात हजार तासांहून जास्त बोलणं मावतं, तरी कोटेशनमध्ये 'तासांची साठवण' ठळक अक्षरात छापलेली असते. ती ओळ खुशाल सोडून द्यावी.

खरा त्रास फोनच्या तारेनं दिला. सी-डॉट या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेची स्थापना 1984 मध्ये झाली आणि तिचं 128 पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला सुरू झालं. त्याला एसी लागत नसे, म्हणून आमच्या मे महिन्यातही ते तग धरायचं. पण लोकांच्या घरी फोन तबकडीचे. तबकडीनं नुसता प्रवाह तुटतो, तो जवळचं एक्स्चेंज मोजतं आणि पलीकडं पोचतो फक्त टिक्-टिक् असा खटका. यंत्र म्हणायचं "भावासाठी एक दाबा", अन् ऐकणारा तबकडी फिरवत बसायचा. बटण दाबल्यावर दोन सूर एकदम वाजतात ते डीटीएमएफ. अमेरिकेत 1963 मध्ये सुरू झालेलं. आपल्या बटणांच्या फोनलाही बाजूला टी-पीची खिटी (टी म्हणजे सूर, पी म्हणजे तबकडीसारखे खटके) असायची आणि ती बहुधा पीवरच असायची, कारण तिच्याकडे कोणी पाहतच नसे.

हँग-अप डिटेक्शनची, म्हणजे समोरच्यानं फोन ठेवल्याचं यंत्रानं ओळखण्याची, गोष्ट मी डोळ्यांनी, खरं तर कानांनी अनुभवली आहे. एका कृषी केंद्रात असंच परदेशी कार्ड बसवलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी निरोप ऐकायला बसलो. "हालो... हालो... कोन बोल्ते?" मग मागून दुसरा आवाज, "मशीन बोलून रायली, ठेव फोन." खट्. आणि पुढं पाच मिनिटं नुसतं टूं... टूं... टूं... पुढचा निरोपही तसाच. दिवसभर लाइन एंगेज का लागते, याचा उलगडा तेव्हा झाला. साध्या तारेवर समोरच्यानं फोन ठेवल्याची यंत्राला वेगळी खूण मिळेलच असं नसतं. ते एक्स्चेंजचा बिझी टोन ऐकून ओळखावं लागतं. अमेरिकेचा बिझी टोन म्हणजे 480 आणि 620 हर्ट्झचे दोन सूर, अर्धा सेकंद वाजून अर्धा सेकंद बंद. आपला एकच सूर, 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. कार्डाला आपला टोन शिकवलाच नव्हता, म्हणून ते इमानेइतबारे टूं-टूं रेकॉर्ड करत बसलं. 1999 मध्ये मार्क स्पेन्सरनं अ‍ॅस्टरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर सुरू केलं. त्यात देशागणिक टोनची यादी असते आणि भारताचीही असते. पण ती निवडावी लागते, अन् बसवणारा घाईत असतो. म्हणून कोटेशनवाल्याला सांगावं की आमच्याच लाइनवर फोन लावून, मध्येच ठेवून दाखव.

विजेचं तर विचारूच नका. जुना फोन एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा, घरी अंधार असला तरी. संगणक भारनियमनात पहिल्या मिनिटाला बसायचा. जूनच्या पहिल्या वादळात तारेवाटे आलेला कडाका कार्ड जाळायचा तो वेगळाच. आणि जिनिंगमध्ये रुईचे तंतू. पीसीचं झाकण उघडलं तर पंख्यावर गादी भरता येईल इतका कापूस निघतो. चांगलं अर्थिंग आणि बिनपंख्याचं लहान यंत्र, एवढ्यासाठी मी दोन पैसे जास्त मोजीन.

'चार चॅनेल', म्हणजे एका वेळी चार फोन घ्यायची सोय, हा शब्द पुन्हा कोपनहेगनला नेतो. पौल्सेनच्याच कंपनीत पुढं लागलेल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं किती फोनांना किती लाइनी पुरतील याचं सूत्र 1917 मध्ये मांडलं. मुनीमजींच्या वहीत सकाळी तासाला साधारण 40 फोन भरतात, दर फोन दीड मिनिटाचा. म्हणजे तासात 60 मिनिटांचं बोलणं. वाटतं, एक लाइन पुरेल. पण फोन काही रांगेत येत नाहीत. एका लाइनीवर निम्म्या लोकांना एंगेज लागतो, दोनवर पाचातल्या एकाला, तीनवर सोळातल्या एकाला, चारवर शंभरात दीड-दोघांना. यंत्रानं भाव वीस सेकंदात सांगितला तर हा सगळा हिशेबच उतरतो. तेव्हा दोनच्या वर जायची गरज मला दिसत नाही.

निरोप ठेवायची सवय मात्र आपल्याकडे लागलीच नाही. मोबाइल आल्यावर काही वर्षांनी इनकमिंग फुकट झालं आणि माणसं मिस्ड कॉल देऊ लागली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे ये. ही सवय ओळखून शेजारच्या छत्तीसगडमध्ये 2010 मध्ये सीजीनेट स्वर सुरू झालं. तुम्ही मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र उलट फोन करतं, मग बोला किंवा ऐका. त्याआधी 21 जानेवारी 2004 पासून 1551 वर किसान कॉल सेंटर सुरू झालं होतं, तिथं फोनवर शेतकऱ्याच्या भाषेत बोलणारा माणूस होता. भाव ऐकायला लोक यंत्राचं ऐकतील. आपलं गाऱ्हाणं मात्र त्यांना माणसालाच सांगायचं असतं.

दोन कोटेशनांपैकी एक कचेरीत ठेवायच्या डब्याचं आहे, दुसरं इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवेचं, दरमहा भाडं. दुसऱ्यात वीज-वादळाची कटकट नाही आणि मिस्ड कॉलवर उलट फोन करायची सोय आहे. पण गावाचा फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटला की नवा भाव चढवायलाही मोबाइल हुडकावा लागेल, म्हणून साध्या फोनवरून भाव बदलता येतो का, ते विचारायला सांगितलं आहे. बटणं दोनच ठेवू: एक दाबलं की भाव, दोन दाबलं की मुनीमजी. काहीच दाबलं नाही तरी मुनीमजी. आवाज कोणाचा, यावर कचेरीत अजून वाद आहे. विक्रेत्यानं शहरी बाईच्या गोड आवाजातला नमुना ऐकवला, तर वजनकाट्यावरचा हमाल म्हणाला, "हे तं बँकेवाली वाटते, कोनी ऐकनार नाही." मुनीमजी उद्या सकाळी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाहणार आहेत.