कुत्रा म्हणजे कूलर, आणि टाकी तुमच्या हातात

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी गुंड्याला, म्हणजे माझ्या कुत्र्याला, घेऊन साडेनऊला बाहेर पडलो, निघायचं होतं साडेसातला पण झोप. बरोबर पाण्याची छोटी बाटली, तीही अर्धी, आणि ती पण माझ्यासाठी. वीसेक मिनिटांत हा गडी एका झाडाखाली पोट टेकून जो बसला तो पट्टा ओढला तरी हलेना. जीभ बाहेर लोंबत होती आणि नेहमीसारखी निमुळती नाही, टोकाला पसरट झालेली, उलथन्यासारखी. बाटलीच्या झाकणात पाणी ओतून पुढे धरलं, त्याने लपालपा तीन झाकणं संपवली असं मला वाटलं, पण खाली बघितलं तर त्यातलं निम्मं मातीच प्यायली होती. अर्धा तास सावलीत बसलो आणि मग 20 किलोचं ते धूड उचलून घरी आणलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. आपण घामाने थंड होतो, सगळ्या अंगावर घाम येतो, तो उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला असा घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, त्याने शरीर थंड होण्यात काही फारसा फरक पडत नाही. त्याचं सगळं काम चालतं नाक, तोंड आणि जिभेवर. म्हणजे कुत्रा एसी नाही, कूलर आहे. ओल्या पृष्ठभागावरून जोरात हवा सोडायची, पाण्याची वाफ होऊ द्यायची, बस.

त्यातला पंखा मात्र भारी आहे. शांत पडलेला कुत्रा मिनिटाला 15 ते 30 वेळा श्वास घेतो आणि धापा टाकायला लागला की तोच आकडा 300 च्या आसपास जातो. आता एवढ्या जोरात छाती हलवायची तर त्या मेहनतीनेच अजून गरम व्हायला पाहिजे ना? तसं होत नाही, कारण झोपाळ्याला बरोबर वेळेला हलकासा धक्का दिला की तो आपोआप उंच जातो, तसा कुत्र्याच्या छातीचा स्वतःचा एक ताल असतो आणि धापा साधारण त्याच तालावर पडतात, त्यामुळे ताकद कमी लागते. शिवाय हवा बरीचशी नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर जाते. नाकाच्या आत एक खास ग्रंथी असते, ती उन्हात भराभर पाणी सोडते आणि वाफ व्हायची ती मुख्यतः तिथे होते. बाहेर लोंबणारी जीभ आपल्याला दिसते म्हणून सगळं श्रेय तिला जातं.

आता पाण्याचा हिशोब, मला सगळ्यात मजा इथेच आली. समजा 20 अंश सेल्सिअसचं 200 मिली पाणी कुत्रा प्यायला. ते पोटात जाऊन 39 अंशांपर्यंत तापेल, त्यात साधारण 16 किलोज्यूल उष्णता शोषली जाईल. 20 किलोच्या कुत्र्याचं तापमान यातून जेमतेम पाव अंश उतरेल. पण तेच 200 मिली पाणी जर नाकातोंडातून वाफ होऊन उडालं तर तब्बल 480 किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे तीसपट! त्याच कुत्र्याचं तापमान एक अंशाने खाली आणायला मोठे दोन चमचे पाणी वाफ झालं तरी पुरतं. म्हणून पाणी फ्रीजमधलं आहे की साधं यावर डोकं लावण्यापेक्षा ते पुरेसं आहे का हे बघा, प्यायचं पाणी हे थंडाई नाही, ते कूलरच्या टाकीत ओतायचं पाणी आहे. टाकी रिकामी झाली की कूलर काय करतो माहितीये ना, नुसती गरम हवा फेकतो. कुत्र्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की शरीर पाणी वाचवायला धापाही कमी करतं आणि ताप आणखी चढतो. (तोंडातून टपटप गळणारी लाळ पण वायाच, वाफ झाली नाही तर तिने काही थंड होत नाही.)

आणि कूलरचं दुसरं दुखणं इथेही आहेच, दमट हवेत तो चालत नाही. हवेत आधीच बाष्प असेल तर नाकातलं पाणी उडणार कुठे. त्यामुळे नुसतं तापमान बघून निघू नका, घामाने चिकचिक होत असेल तर कमी आकड्यालाही कुत्र्याचे हाल होतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या मंडळींना तर हवा जायचा रस्ताच अरुंद, त्यांना उन्हात फिरवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. लठ्ठ आणि म्हातारे कुत्रेही त्याच रांगेत.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं आणि 41 च्या पुढे धोका सुरू होतो, म्हणजे मधे फक्त दोन-तीन अंश. आपण बंद गाडीत कुत्रा ठेवू नका असं ऐकत आलोय आणि ते बरोबरच आहे, पण ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी 2020 मध्ये तिथल्या उष्माघाताच्या केसेस तपासल्या तर जवळपास तीन चतुर्थांश केसेस चालणं, पळणं, खेळणं यातून झालेल्या निघाल्या, गाडीतल्या साधारण 5 टक्के. स्नायू चालले की उष्णता तयार होणारच, आणि बॉलमागे पळणारा कुत्रा स्वतःहून थांबत नाही.

रस्त्याचं तर विचारूच नका. हवा 25 अंश असली तरी उन्हातलं डांबर 50 च्या वर जाऊ शकतं, आणि कुत्र्याचं पोट त्याच्यापासून किती वर असतं? वीतभर, दोन वीत. हाताची मागची बाजू रस्त्यावर 7 सेकंद ठेवून बघा, नाही ठेववली तर तो रस्ता पंजांसाठीही नाही. सूर्य मावळल्यावर लगेच निघाल तरी डांबर तापलेलंच असतं, सकाळ बरी.

बरोबर पाणी किती न्यायचं? कुत्र्याला दिवसभरात दर किलो वजनाला साधारण 50 ते 60 मिली लागतं, उन्हात आणि चालताना त्याहून जास्त. मी गुंड्यासाठी पाऊण तासाच्या फेरीला लिटरभर नेतो, अर्धं प्यायला, अर्धं अंगावर ओतायची वेळ आली तर. आणि झाकण नाही, खोलगट बोल. कारण कुत्र्याला आपल्यासारखं ओढून पिता येत नाही, तो जीभ मागे वळवून पाण्यावर आपटतो, झटक्यात वर खेचतो, तिच्यामागे पाण्याचा एक स्तंभ उठतो आणि तो पडायच्या आत जबडा मिटून तो पकडतो. झाकणात एवढा स्तंभ उठणार कसा! दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं थोडं द्यायचं.

कुत्रा झोकांड्या खायला लागला, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट दोरीसारखी झाली की मात्र पाजत बसू नका, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी अजिबात ओतू नका. सावलीत घ्या, नाकतोंड सोडून अंगावर असेल ते पाणी ओता, वारा घाला, आणि आधी गार करून मगच व्हेटकडे पळा, नाहीतर वाटेत तो तापतच राहतो. ओला टॉवेल अंगावर तसाच ठेवला तर थोड्या वेळात तो गरम होऊन गोधडीचं काम करतो, त्यापेक्षा ओतत राहणं बरं.

आता माझा एकच नियम आहे, प्यायच्या पाण्यातलं निम्मं संपलं की जिथे असू तिथून मागे फिरायचं. गुंड्या पुढे ओढत असतो, त्याला अजून तो कोपरा हुंगायचा असतो, पण बाटली माझ्याकडे आहे.