लादी घेऊन या, मग चाक निवडू

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की म्हापशापासून फोंड्यापर्यंत घराघरांत लाद्या बसवायची घाई सुरू होते आणि आमच्या दुकानात रोज तोच प्रश्न येतो: "लादी कापायची मशीन चांगली, तिचं चाकही नवं, तरी लादी वाकडी का फुटते?" बहुतेक वेळा चाक वाईट नसतं, ते त्या लादीचं नसतं.

कटरचं चाक लादी कापत नाही. ते वरच्या थरावर फक्त बारीक चीर पाडतं. दांडा दाबला की लादी त्या चिरेवर मोडते. चीर मध्येच तुटली तर लादी वाटेल तिकडे फुटणारच.

म्हणून आधी लादी ओळखा. तिच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाका. झटकन जिरला तर ती भिंतीची साधी सिरॅमिक. तसाच राहिला तर पोर्सेलीन, म्हणजे आपण जिला व्हिट्रिफाइड म्हणतो ती. पोर्सेलीन वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही. भिंतीची लादी १० टक्क्यांहूनही अधिक पिते. जितकी घट्ट, तितकी कठीण.

सिरॅमिकला ६ मिमी व्यासाचं चाक पुरतं. गुळगुळीत व्हिट्रिफाइडला ८ मिमी घ्या: अशा लहान चाकांचा दाब एका बिंदूवर एकवटतो आणि चीर खोल जाते. मात्र बाल्कांवसाठी (घरापुढच्या बसायच्या जागेसाठी) किंवा गाडी उभी करायच्या जागेसाठी घेतलेल्या खरखरीत लादीवर हेच चाक खळग्यांत अडखळतं, उड्या मारतं. तिथे १८ किंवा २२ मिमीचं मोठं चाक हवं, ते उंचवट्यांवरून सलग फिरतं. चाकाचं भोक आणि जाडी मशीनप्रमाणे बदलते, तेव्हा जुनं चाक सोबत आणाच.

सगळी चाकं टंगस्टन कार्बाइडचीच असतात असं धरून चाला. टायटॅनियमचा सोनेरी मुलामा असलेलं महाग पडतं, पण जास्त टिकतं. रोज व्हिट्रिफाइड बसवणाऱ्या मिस्त्रींनी तेच घ्यावं. घरातल्या एका न्हाणीघरासाठी तो खर्च करू नका.

चीर एकदाच पाडा, एकसारख्या दाबाने, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आवाज सलग "चर्रर्र" यायला हवा. त्याच रेषेवरून दुसऱ्यांदा फिरवलंत तर चकाकीचे टवके उडतात आणि चाकाची धारही मरते.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत चाकाची पिन गंजते. पिन अडकली की चाक फिरायचं थांबून घासत जातं आणि एका बाजूने चपटं होतं. काम संपल्यावर पूड झटकून पिनेवर तेलाचा एक थेंब सोडा. बोटाने ढकलल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे.

नळाचं भोक किंवा एल आकाराचा काप या चाकाने होत नाही. त्याला डायमंड ब्लेड लागतं, तेही पाणी सोडून. कोरड्या कापाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. मास्क लावा, मदतनिसालाही द्या.

येताना त्याच लादीचे दोन तुकडे आणा. काउंटरवरच्या मशीनवर तुमच्यासमोर चीर पाडून, मोडून दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही.