एका कढईतले चार लाल

ऑफिस सुटून म्हापशाला घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. पिशवीत पाव किलो सुंगटं, तांबड्या भाजीच्या दोन जुड्या, आणि पोटात कावळे. भाताचा कुकर लावायचा आणि त्याची वाफ जिरेपर्यंत बाकीचं जेवण एकाच कढईत उरकायचं, हा माझा नेम. (घाटावरच्या वाचकांसाठी: सुंगटं म्हणजे कोळंबी, तांबडी भाजी म्हणजे लाल माठ आणि सोलं म्हणजे आमसुलं. पुढे आमचेच शब्द चालवते.)

या कढईत लाल रंगाच्या चार वस्तू पडतात: मिरची, सुंगटं, भाजी आणि सोलं. ताटात सगळंच लाल दिसतं, पण हे चार लाल तीन वेगळ्या घराण्यांतले आहेत. दोघांना तेल मानवतं, दोघांना पाणी. एवढं कळलं की कुणाला आधी घालायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं ते पाककृती न वाचताही सुचतं.

पहिला मान मिरचीचा. काणकोण तालुक्यातल्या खोला गावच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ती मिळाली तर उत्तम, नाहीतर ब्याडगी. मिरचीच्या लालीचं नाव कॅप्सॅन्थिन. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनचं हे भावंड, ४० कार्बन अणूंचा लांबलचक रेणू. त्याला पाण्याचं वावडं आणि तेलाशी गट्टी. म्हणून मिरचीचे तुकडे मंद आचेवर खोबरेलात टाकले की तेल केशरी होतं. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिनही तेलातच उतरतं. फोडणी म्हणजे खरं तर हा अर्क काढण्याचा उद्योग. आच मोठी झाली तर मात्र रंग जळतो आणि शेजारी खोकायला लागतात. लसूण ठेचून याच वेळी घालायची.

मग सुंगटं. कच्ची असताना ती करडी, थोडी निळसर. कढईत पडली की मिनिटभरात गुलाबी-केशरी. हा रंग बाहेरून येत नाही, मिरचीच्या तेलातूनही नाही; तो आधीपासून त्यांच्यातच असतो. ॲस्टाझॅन्थिन हे त्याचं नाव, हेही ४० कार्बनचंच, म्हणजे मिरचीच्या लालीचं चुलत भावंड. अशा रंगद्रव्यांचं मूळ समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात. तिथून ती अन्नसाखळीतून कवचवाल्या प्राण्यांत येतात. जिवंतपणी क्रस्टासायनिन नावाचं एक प्रथिन या रेणूला घट्ट धरून ठेवतं. त्या पकडीत त्याची प्रकाश शोषण्याची रीत बदलते आणि लाल वस्तू निळसर दिसायला लागते. उष्णतेनं प्रथिनाची घडी विस्कटली की पकड सुटते, आणि दडलेला लाल उघडा पडतो. कॅरोटिनॉइडांवरच्या (म्हणजे मिरची-सुंगटांच्या या रंगघराण्यावरच्या) आणि जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी रिचर्ड कून यांना १९३८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच घराण्याच्या अभ्यासाचं. शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) कवचातल्या या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडायला मात्र २००२ साल उजाडावं लागलं.

सुंगटांची डोकी मांजराला घालू नका. आधी तीच तेलात परता, चमच्यानं दाबा. तेल आणखी गडद होतं. ॲस्टाझॅन्थिनला तेल मानवतं याचा हा डोळ्यांदेखत पुरावा. मग डोकी काढून टाका आणि त्याच तेलात सोललेली सुंगटं घाला.

किती वेळ? बाहेरची लाली पाहून थांबू नये, कारण ती वरच्या सालीत आधी येते. आतलं मांस काचेसारखं दिसायचं बंद होऊन दुधी झालं पाहिजे. मला आकार पाहणं सोपं वाटतं. सुंगट विळ्यासारखं वाकलं की झालं. बांगडीसारखं गोल मिटलं की रबर. पोटाकडचे स्नायू पाठीकडच्या स्नायूंपेक्षा दांडगे असतात, शेपूट आपटून मागच्या मागे पळायला तेच उपयोगी पडतात. शिजताना तेच जास्त आकसतात आणि सुंगट आत वळतं. मध्यम आकाराची असतील तर दोन मिनिटं पुरतात. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं काम: ती काढून ताटलीत ठेवायची.

इथे सगळेच घाई करतात, मीही करत होते. सुंगटांवरच भाजी ओतायची आणि झाकण. मग भाजीला पाणी सुटतं आणि सुंगटं त्यात उकळत राहतात. हिशेब करून पाहा. निवडलेली भाजी ३०० ग्रॅम असली तर त्यात अडीचशे ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. पानाची पेशी म्हणजे पाण्यानं टम्म फुगलेली पिशवी. साठेक अंशांपुढे तिचं आवरण फुटतं आणि पानांचा डोंगर मूठभर होतो. त्यातलं फक्त १०० ग्रॅम पाणी आटवायचं म्हटलं तरी सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढंच पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला लागते जेमतेम ३१ किलोज्यूल. म्हणजे तापवण्यापेक्षा आटवणं सातपटींनी महाग! गॅसची १ किलोवॅट उष्णता कढईत पोचते असं धरलं, तर या आटवण्यातच पावणेचार मिनिटं गेली. आणि पाणी असेपर्यंत कढई १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, त्यामुळे खरपूसपणा विसरा. त्याला दीडशे अंशांच्या जवळपास जावं लागतं. म्हणून सुंगटं बाहेर, भाजी एकटी, आच मोठी, झाकण नाही.

सुंगटांच्या गोडीबद्दल एक आडकथा. ही गोडी बरीचशी ग्लायसिन या अमिनो आम्लाची. बाहेरच्या खाऱ्या पाण्यानं अंगातलं पाणी ओढून नेऊ नये म्हणून सुंगटं आपल्या पेशींत अशी आम्लं साठवतात, आणि पाणी जितकं खारं तितका साठा मोठा. आमच्या खाजन जमिनींच्या (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतांच्या) मानशीवर, म्हणजे बांधातल्या दारावर, ओहोटीला जाळं लावून पकडलेली सुंगटं चवीला वर्षभर सारखी नसतात. पावसानं पाणी गोडं झालं की चव पातळ होते, अशी जुन्या लोकांची तक्रार असते. ती निव्वळ कुरकुर नव्हे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, डब्यातली सुकी सुंगटं बाहेर निघतात. त्यांचा हिशेब वेगळा, ती भाजीबरोबरच शिजली तरी चालतात.

आता तिसरा लाल. तांबड्या भाजीतला रंग पाण्यात विरघळणारा, म्हणून ती धुतानाच तळहात गुलाबी होतात. हे बीटालेन घराणं. बीट, बोगनवेल, ड्रॅगनफ्रूट हे सगळे त्याच गोतावळ्यातले. माठातल्या या द्रव्याचं नावही अमरँथिन, माठाच्या कुळावरूनच पडलेलं. फार वेळ शिजवलं की ते मोडतं आणि भाजी विटकरी होते. शिवाय लाल रंगाखाली पानात हिरवं हरितद्रव्य असतंच. त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता आणि आम्ल मिळून त्याला हुसकावून लावतात आणि हिरव्याचा खाकी होतो. झाकण न ठेवण्याचं हे दुसरं कारण: पानातली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात.

चौथा लाल सोलांचा. पेडण्याची माझी आत्या स्वयंपाकघरात आली की तिचं एकच पालुपद, "सोलां मागीर घाल गो!" सोलं नंतर घाल. कारण विचारलं तर म्हणायची, भाजी शिजत नाही. अगदी खरं. पेशींच्या भिंतींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहजी विरघळत नाही, म्हणून आंबट आधी पडलं की देठ करकरीत राहतात, आणि वर खाकीपणाही लवकर येतो. भाजी मऊ होऊन पाणी आटलं, की मगच तीन-चार सोलं, सुंगटं परत कढईत, वर ओल्या खोबऱ्याची सोय (म्हणजे कीस), एक मिनिट, गॅस बंद. सोलांचा आणखी एक उपयोग: मासळीचा वास ज्या ट्रायमिथाइल अमाइनचा असतो ते आम्लाशी जुळून क्षार होतं आणि हवेत उडेनासं होतं. लोखंडी कढई मात्र नको; आम्लानं लोह सुटतं आणि रंग काळपट जांभळा होतो.

सोलांची लाली अँथोसायनिनची. जांभूळ, गोकर्णीचं फूल यांचंही तेच घराणं. रिचर्ड विल्स्टेटर यांना १९१५ चं नोबेल वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी मिळालं, त्यात हरितद्रव्य होतं आणि अँथोसायनिनंही. गंमत अशी की निसर्गात बीटालेन आणि अँथोसायनिन दोन्ही तयार करणारं एकही झाड सापडलेलं नाही. एक असेल तिथे दुसरं नाही, सवतींसारखं. रात्री आठ वाजता माझ्या कढईत मात्र दोघी निमूट नांदतात.

जेवण झाल्यावर ताटं नळाखाली धरली की भाजीचा आणि सोलांचा लाल साध्या पाण्यानं वाहून जातो. मिरचीचा आणि सुंगटांचा तवंग तिथेच बसून राहतो, त्याला साबण लागतो. आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी ज्या प्लॅस्टिकच्या डब्यातून ऑफिसला नेलं, तो डबा साबणालाही दाद देत नाही. प्लॅस्टिकही तेलाच्याच जातीचं, ४० कार्बनवाल्या त्या दोन भावंडांना त्यानं आत घेतलंय. गेल्या गणपतीपासून तो केशरीच आहे.