वाळूलाही पेटवणारा वायू

आग विझवायची तर वाळू टाका, हे आपण शाळेत शिकलो. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइड, सिलिकॉन जळून झालेली राखच म्हणा ना. जे एकदा जळून गेलं ते पुन्हा काय जळणार? क्लोरीन ट्रायफ्लोराइड नावाचा वायू मात्र ही राखही पेटवतो. वाळू, काच, वीट, ॲस्बेस्टॉस, कशालाच तो सोडत नाही. एकदा द्रवरूपात टनभर सांडलेल्या या वायूने सुमारे ३० सेंटिमीटर काँक्रीट आणि त्याखालची ९० सेंटिमीटर खडी खाल्ल्याची नोंद आहे.

'जगातला सर्वांत ज्वालाग्राही वायू' अशा मथळ्याचे व्हिडिओ याच्यावर फिरत असतात. मथळाच चुकीचा आहे. हा वायू स्वतः जळत नाही, तो दुसऱ्याला जाळतो. जळणाऱ्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेणारा तो ऑक्सिडक. ऑक्सिजनवरून नाव पडलं असलं तरी या कामात या वायूतला फ्लोरीन ऑक्सिजनच्याही पुढे आहे. आग आपोआप लागली की कुणी चमत्कार म्हणतं, कुणी भुताटकी. तिथे आधी शोधायचा तो ऑक्सिडक.

रेणूत मधे क्लोरीनचा एक अणू आणि त्याला इंग्रजी 'टी' अक्षरासारखे जोडलेले फ्लोरीनचे तीन. क्लोरीनभोवती इलेक्ट्रॉनांच्या पाच जोड्या असतात. त्यातल्या दोन कुणाशीच बांधलेल्या नसतात आणि त्यांच्या रेट्यामुळे हा आकार येतो. क्लोरीन-फ्लोरीन बंध तोडायला मोलमागे जेमतेम १७० किलोज्यूल पुरतात. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला साधारण ४५० लागतात, पण सिलिकॉन-फ्लोरीन बंध जुळताना ५६० च्या वर ऊर्जा मिळते. म्हणून वाळूतला ऑक्सिजन हाकलून फ्लोरीन त्याच्या जागी बसतो आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

पण मला खरी भुरळ घालते ती पुढची गोष्ट. काचेला खाणारा हा पदार्थ साध्या पोलादी सिलिंडरमध्ये राहतो. कसा? प्रश्न असा विचारायचा: अभिक्रियेनंतर जे तयार होतं ते घन आहे की वायू? वाळूपासून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड होतो. तो वायू आहे. तो उडून जातो, खालचा नवा थर उघडा पडतो, हल्ला चालू राहतो. पोलाद, तांबं, निकेल यांच्यावर मात्र धातूच्या फ्लोराइडचा घट्ट, घन थर बसतो. निकेलचं फ्लोराइड हजार अंशांनाही वितळत नाही. हा पापुद्रा अतिशय पातळ असतो, पण त्याच्या आत फ्लोरीनला सहज शिरता येत नाही. म्हणून सिलिंडर आधी तेलकटपणाचा अंशही न ठेवता धुतात, पूर्ण सुकवतात आणि मग थोडा थोडा फ्लोरीन सोडून हा थर मुद्दाम चढवून घेतात. कुठे ग्रीसचा एक ठिपका राहिला तर आग तिथून सुरू होते आणि मग धातूही पेटतो.

चिप बनवणारे कारखाने हीच गोष्ट उलट्या बाजूने वापरतात. चिपवर पदार्थांचे पातळ थर जिथे चढवतात त्या निक्षेपण कक्षाच्या भिंतींवरही सिलिकॉन किंवा टंगस्टनची पुटं चढतात. क्लोरीन ट्रायफ्लोराइड सोडला की त्यांची वायुरूप फ्लोराइडं होतात आणि पंपाने ओढून घेतली जातात. धातूचा कक्ष तसाच राहतो. न घासता सफाई!

हा वायू १९३० मध्ये ऑटो रुफ आणि क्रुग या रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम तयार केला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने शस्त्र म्हणून त्याच्या उत्पादनासाठी फाल्केनहागेन इथे भूमिगत कारखाना उभारला, पण तो पूर्ण क्षमतेने चालण्याआधीच सोव्हिएत सैन्याने ताब्यात घेतला.

सुमारे १२ अंश सेल्सिअसला हा द्रव उकळतो. वाफ हवेच्या तिपटीहून जड, त्यामुळे गळाला की खोलगट जागी साचून राहतो. कामाच्या जागी हवेच्या एक कोटी भागांत एक भाग, ही कमाल मर्यादा. पाण्याशी गाठ पडली की स्फोटासारखी अभिक्रिया होऊन हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ओलसर डोळ्यांत आणि फुप्फुसांत हेच घडतं, आणि फुप्फुसांत पाणी भरायला कधी काही तास लागतात. त्यामुळे सुरुवातीला बरं वाटलं म्हणून रुग्णाला घरी पाठवता येत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत उतरतं, रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. भाजलेली जागा भरपूर पाण्याने धुवून तिच्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल चोळतात, म्हणजे फ्लोराइडला शरीराऐवजी जेलमधलं कॅल्शियम मिळतं.