कानठळ्यांऐवजी नुसती थाप

गोव्यात दाबोळीवरून नौदलाचे मिग-२९के हे लढाऊ विमान उडाले की चिखलीपर्यंत तावदाने थरथरतात आणि ‘साउंड बॅरियर तोडला!’, म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडला, असे कोणीतरी हमखास म्हणते. तो आवाज असतो इंजिनाचा. धावपट्टी सोडताना विमान ध्वनीच्या निम्म्या वेगालाही पोचलेले नसते.

याहून पक्का गैरसमज म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडताना एकदाच धमाका होतो. मांडवीतून बोट गेली की तिची लाट काठाला सगळीकडे आदळत जाते, तसा हा धमाका, म्हणजेच सोनिक बूम, विमानामागोमाग जमिनीवरून सरकत राहतो. म्हणूनच अमेरिकेने १९७३ मध्ये जमिनीवरून ध्वनीहून वेगवान नागरी उड्डाणांना बंदी घातली.

हा आवाज घडतो कसा, ते फार सुंदर आहे. नाक, कॉकपिट, पंख, शेपटी, जिथे जिथे हवेला अचानक बाजूला व्हावे लागते तिथे एकेक आघात-तरंग, म्हणजे दाब एकदम वाढवणारी लाट, उठतो. दाबलेली हवा तापते, तापल्या हवेत ध्वनी जास्त वेगाने जातो. त्यामुळे जोरकस तरंग पुढच्या दुबळ्या तरंगाला गाठतो, त्यात मिसळतो. जमिनीपर्यंत दोनच उरतात, एक नाकाकडचा, एक शेपटीकडचा. दाब एकदम चढतो, उतरत नेहमीच्या पातळीखाली जातो आणि पुन्हा एकदम मूळपदावर येतो. लागोपाठ दोन धमाके ऐकू येतात ते यामुळे. कॉंकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाच्या बूमने दाब वाढे जेमतेम शंभर पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा हजारावा भाग! आपण दचकतो ते तो काही मिलिसेकंदांत चढतो म्हणून.

मग तरंगांना एकत्र येऊच द्यायचे नाही. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रथम उडालेले नासाचे एक्स-५९ हे प्रायोगिक विमान याच हिशेबाने घडवले आहे. लांबी सुमारे ३० मीटर, त्यातले ११ मीटरहून अधिक नुसते नाक. समोर काच नाही, वैमानिक कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतो. इंजिन पाठीवर आहे, म्हणजे त्याचे तरंग वर जावेत. पण नाक जितके टोकदार तितका आवाज कमी, असे मात्र नाही. २००३ मध्ये एफ-५ई या लढाऊ विमानाचे नाक मुद्दाम फुगवून बूमचा पुढचा कडा बोथट करून दाखवला गेला होता.

‘सोनिक बूम संपला’ असे मथळे येतात, ते खोटे आहेत. कॉंकॉर्डचे १०५ डेसिबल ७५ वर आणायचे, एवढेच उद्दिष्ट आहे. ते साधले का, हे अमेरिकेतल्या काही वस्त्यांवरून विमान नेऊन खाली राहणाऱ्यांनाच विचारले जाणार आहे.