लाल पक्षी आणि पावणेतीन मिलिमीटर

परवा सुट्टीत सातवीतल्या भाचीबरोबर ‘अँग्री बर्ड्‌स’चा सिनेमा पुन्हा पाहिला. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये काढलेल्या मोबाइल गेमवरचा हा विनोदी अ‍ॅनिमेशनपट २०१६ साली आला. हिरवी डुकरं पक्ष्यांची अंडी पळवतात आणि उडता न येणारे पक्षी अवाढव्य बेचकीत बसून डुकरांच्या शहरावर झेपावतात. जाड भुवयांचा रेड बेचकीतून सुटला तशी भाची म्हणाली, “मामा, आता याचा जोर संपला की हा खाली यायला लागेल.”

असं वाटणारी ती एकटी नाही. सोळाव्या शतकातल्या तोफखान्याच्या काही पुस्तकांत गोळ्याचा मार्ग असाच काढलेला आहे: आधी तिरपी सरळ रेघ, जोर संपला की गोळा थेट खाली. प्रत्यक्षात बेचकीचा जोर पक्षी रबरापासून सुटल्याक्षणीच संपतो. पुढे पक्ष्याजवळ उरतो तो वेग. आणि गुरुत्वाकर्षण वाट पाहत थांबत नाही, ते पहिल्या क्षणापासून त्याला खाली ओढत असतं.

हे समजून घ्यायला मूळ गेमसारखी उत्तम जागा नाही. त्यातली फेकाफेक आणि पडापड ‘बॉक्स-टूडी’ नावाच्या, एरिन कॅटो यांनी लिहिलेल्या मोफत प्रोग्रॅमवर चालते. असा प्रोग्रॅम संपूर्ण वक्र एकदम काढत नाही. तो काळाचे बारीक तुकडे करतो, समजा सेकंदाचा साठावा भाग, आणि प्रत्येक तुकड्यात दोनच कामं करतो: वेग थोडा बदलायचा, मग त्या वेगाने पक्षी थोडा सरकवायचा.

आकडे घालून बघू. पक्षी ४५ अंशांत, सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला. म्हणजे आडवा वेग १४.१४ आणि उभाही १४.१४. आडव्या वेगाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात पक्षी २३.६ सेंटिमीटर पुढे जातो. उभ्या वेगातून मात्र दर वेळी ९.८ चा साठावा भाग, म्हणजे ०.१६३, वजा होतो. पहिल्या तुकड्यात पक्षी २३.३ सेंटिमीटर वर चढतो, दुसऱ्यात २३.०, तिसऱ्यात २२.८. दर वेळी पावणेतीन मिलिमीटर कमी! साधारण ८७ तुकड्यांनी चढ शून्यावर येतो, आणि तीच वजाबाकी पुढे चालू राहिली की त्याला आपण ‘पडणं’ म्हणतो. माथ्यावर वेगळं काहीच घडत नाही. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात सिद्ध केलेला पॅराबोला, म्हणजे फेकलेल्या वस्तूचा कमानीसारखा वक्र मार्ग, या एका वजाबाकीतून उभा राहतो. मला हे आजही अतिशय सुंदर वाटतं.

त्या दोन कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी जुन्या वेगाने सरकवून मग वेग बदलला, तर फेकलेल्या पक्ष्याला फारसा फरक पडत नाही. पण रबराला टांगलेलं वजन घ्या. त्याच्यावरची ओढ ते कुठे आहे यावर ठरते, त्यामुळे शिळा वेग वापरला की प्रत्येक हेलकाव्यात थोडी ऊर्जा फुकट जमा होते. झोका वाढतच जातो आणि शेवटी वजन पडद्याबाहेर जातं. आधी वेग बदलून मग सरकवलं, तर ऊर्जा खऱ्या आकड्याच्या आसपास खालीवर होते, पण हाताबाहेर जात नाही. बॉक्स-टूडी हाच दुसरा क्रम पाळतो. दोन ओळींची अदलाबदल, एवढंच!

सिनेमात हे गणित पक्षी कुठे पडणार ते ठरवत नाही, ते कथा ठरवते. अ‍ॅनिमेटर मोक्याच्या पोझ पक्क्या करतो आणि मधला मार्ग वक्रांनी भरला जातो. तरीही डोळ्याला पटायचं, तर सेकंदाच्या २४ चित्रांत तीच वजाबाकी दिसावी लागते.

बेचकीवरून आठवलं. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उगाळत बसतं आणि मारणारा झिजत जातो, असं आपल्याकडे अजून सांगतात. सुटलेल्या दगडाचा मारणाऱ्याशी काहीही संबंध उरत नाही. घुबडाला दगड मारू नये याचं कारण वेगळं आहे: ते शेतातले उंदीर खातं.

भाचीला आकडे पटले नाहीत, म्हणून पांढऱ्या भिंतीसमोर तिला चेंडू वर फेकायला लावलं आणि मोबाइलवर शूट केलं. सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे दर चित्राला चढ साधारण १.१ सेंटिमीटरने घटायला हवा. व्हिडिओ लॅपटॉपवर घेऊन पडद्यावर पारदर्शक प्लॅस्टिक लावलं, आणि एकेक चित्र पुढे सरकवत तिने स्केचपेनने चेंडूवर ठिपके दिले. पट्टी लावून ती मोजायला लागली. चेंडू हातातून सुटल्यानंतरच्या पहिल्या तीन ठिपक्यांतच अंतर कमी झालेलं होतं.